गुरुजींच्या अक्षराचं पान

“नीट बघा अक्का, घाई नाही,” मी म्हटलं आणि पुस्तक तिच्यापुढं सरकवलं. “हे अक्षर तुमच्या आप्पांचंच न्हवं?”

पद्माक्कानं पुस्तकाला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती नुसती बघत राहिली. बाहेर अनंत चतुर्दशीची मिरवणूक दणाणत होती. शटर मी अर्धं खाली ओढलं होतं, तरी गुलाल आत येऊन पुस्तकांवर बसत होता आणि माझा नुसता संताप होत होता. गुलाल एकदा कागदात मुरला की बापजन्मात निघत नाही.

“बोला की,” मी म्हटलं. “वकीलसाहेब पुण्याहून आलेत मुद्दाम.”

बोडस वकील कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. गोरे, बारीक, सोनेरी काड्यांचा चष्मा. ज्या पुस्तकांवर मालकाचं नाव आहे अशीच पुस्तकं जमवायचा त्यांना नाद. मालक जितका गाजलेला तितकं त्यांचं पाकीट लवकर उघडायचं.

याला पंचवीसेक वर्षं झाली असतील. कोल्हापुरात माझं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं, आतल्या बाजूला बाइंडिंगचं टेबल. नवरा बाइंडर. तो गेल्यावर दुकानही मी चालवलं आणि टेबलही. एकटी बाई बघून लोक भाव पाडून मागायचे, म्हणून तोंड फटकळ ठेवलं होतं. ते अजून तसंच आहे.

पुस्तक म्हणाल तर काहीच नव्हतं. आकाशातले तारे कसे ओळखायचे, एवढंच. संस्थानाच्या काळात छापलेलं. तसली ढिगानं मिळायची. कापडी पुठ्ठा उसवलेला, कोपरे कसरीनं खाल्लेले. रद्दीवाल्यानं मला ते किलोच्या भावात दिलं. पण पुठ्ठा उघडून पहिल्या कोऱ्या पानावर नजर गेली आणि मी तिथंच बसकण मारली.

पानावर शाईनं, वळणदार लिहिलेलं: ‘चि. सर्जेराव यास, सातवीत पहिला आल्याबद्दल. असाच पुढे जा. निर्भय हो. ने. बा. पाटील.’ पान उलटलं की तुरुंगाचा जांभळा शिक्का, आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं कैद्याची सही. सर्जेराव.

हा सर्जेराव कोण, ते आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. त्यानं भर बाजारात एका वॉचमनला कोयत्यानं तोडला. बघणारा सगळा बाजार, पण साक्षीला उभा राहिला एकच माणूस, त्याचे शाळेतले मास्तर नेमगोंडा गुरुजी. गुरुजींनी जे बघितलं ते कोर्टात सांगितलं. सर्जेराव तेव्हा जामिनावर होता. साक्ष झाली आणि आठवड्याच्या आत त्यानं शाळेच्या दारात गुरुजींवर कुऱ्हाड घातली, पोरांच्या देखत. मग जन्मठेप झाली आणि तो तुरुंगातच मेला. हे तारे ओळखायचं पुस्तक एवढी वर्षं त्याच्यापाशी कोठडीत होतं. दिसलेल्या ताऱ्यांपुढं त्यानं पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या होत्या. मेल्यावर त्याची ट्रंक बहिणीकडं आली आणि बहिणीनं ती आहे तशी रद्दीत घातली.

बोडस वकिलांना फोनवर हे सांगितलं, तर त्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं.

“शालनताई,” शेवटी ते म्हणाले, “पुस्तकाला किंमत नसते. ते कुणाच्या हातातून आलं, त्याला असते.”

“एखाद्या सज्जन माणसाचं असतं तर?”

“सज्जनांची घरोघरी आहेत. खुन्याचं पुस्तक मिळत नाही. आणि ज्याचा खून केला त्यानंच स्वतःच्या हातानं दिलेलं? अहो, असं पुन्हा होणे नाही. फक्त सही गुरुजींचीच आहे, हे सांगणारं कुणीतरी हवं.”

आमच्या धंद्यात ही रीतच आहे. मालक वारला असला की घरच्या माणसाला बोलवायचं, अक्षर दाखवायचं, दोन ओळी लिहून घ्यायच्या. मी कितीदा तरी केलं होतं असं. कवीच्या सुनेला बोलावलं, दिवाणाच्या नातवाला बोलावलं. माणसं खुशीत यायची, चहा पिऊन, सही करून जायची. गुरुजींची एकुलती एक मुलगी पद्मावती गावात मुलींना शिवण शिकवते असं कळलं, तसा मी निरोप धाडला. आणि गिऱ्हाईकं एकाच वेळी दोन बोलवायची, ही माझी आणखी एक सवय. समोरासमोर बसली की एकमेकांवर चढतात. म्हणून दुसरा निरोप गेला सर्जेरावाच्या पुतण्याला, धैर्यशीलला. तो आमच्याच पेठेतला. मंडळाचा अध्यक्ष, दहा पोरं मागं घेऊन फिरणारा, महापालिकेला उभा राहायच्या तयारीत.

तो अजून यायचा होता. पद्माक्का मात्र सकाळच्या पहिल्या एसटीनं आली होती. पन्नाशीच्या अलीकडची बाई, पांढरं नऊवारी, गळ्यात काही नाही. चहा नको म्हणाली, पाणी नको म्हणाली.

“शालनताई,” पुस्तकावरची नजर न काढता ती म्हणाली, “मी एक मागायला आलेय. पुस्तक तुम्ही ठेवा, कुणालाही विका. हे एवढं पान मला द्या.”

“अहो अक्का, पान दिलं तर राहिलं काय? उरलेलं चुलीत घालायला तरी कोण घेणार?”

“माझ्या आप्पांचं नाव त्याच्या नावाला चिकटून कुणाच्या कपाटात, कुणाच्या भिंतीवर नको. आणखी काही नको मला.”

बोडसांनी घसा साफ केला. “बाई, मी ते अत्यंत आदरानं ठेवीन. काचेच्या कपाटात.”

“लोकांना दाखवाल?”

“अर्थात. म्हणजे, जाणकारांना.”

“काय सांगाल दाखवताना?”

बोडस चष्मा काढून पुसायला लागले. बाहेर ताशा असा कडाडत होता की टेबलावरची कात्री थरथरत होती.

“आणि मी म्हटलं, हे आप्पांचं अक्षर नाही, तर?” पद्माक्कानं विचारलं.

“तर मी संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत,” बोडस म्हणाले.

“आणि मी ते पुन्हा रद्दीत टाकणार,” मी म्हटलं. खरंच टाकलं असतं. “एक शब्दाचं काम आहे अक्का. हो तर हो, नाही तर नाही.”

तिनं मान हलवली. तिच्या ओठांवर काहीतरी येत होतं, तेवढ्यात शटर खडखडत वर गेलं.

धैर्यशील आत आला तो नखशिखांत गुलालानं माखलेला. डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा गुलाल. मागं एक पोरगं होतं, त्याला त्यानं बाहेरच उभं केलं आणि शटर पार जमिनीपर्यंत ओढून घेतलं.

“वैनी, गणपती चौकात सोडून आलोय बघा तुमच्यासाठी,” तो हसत म्हणाला. “कुठाय आमच्या काकाचं पुस्तक?”

मग त्याला पद्माक्का दिसली. त्यानं ओळखलं की नाही कोण जाणे, पण हसणं आवरलं.

“ही गुरुजींची मुलगी,” मी म्हटलं.

“आरं वा! मग तर देवानंच धाडलं.” त्यानं खाली वाकून तिच्या पायाला हात लावला. तिनं पाय मागं घेतले. “अक्का, झालं गेलं ते मेलेल्या माणसांबरोबर गेलं. लोक माझ्या काकाला नुसता खुनी म्हणतात. आता हे पान मोठ्ठं करून चौकात फलक लावणार. गुरुजींनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, निर्भय हो. वर गुरुजींचा फोटो, खाली काकाचा, मध्ये माझा. तुम्ही फक्त सांगा, आप्पांचंच अक्षर हाय. चार लोकांसमोर सांगा, लिहून द्या. तुमच्या गावातल्या शाळेला पत्रा घालून देतो.”

“अहो, पण मी आधी बोली लावली आहे,” बोडस म्हणाले.

“तू कोण?”

“मी ॲडव्होकेट बोडस. पुण्याहून—”

“बस खाली.”

बोडस बसले. खरं सांगते, मला तेव्हा आतून बरंच वाटलं. दोघं असे पेटले की भाव चढतो, एवढंच डोक्यात.

“अक्का,” धैर्यशील तिच्यापुढं उकिडवा बसला, आवाज एकदम मऊ. “बोला. आप्पांचं न्हवं?”

मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. मला वाटलं, ही नाही म्हणणार. कोणीही म्हटलं असतं. नाही म्हटलं की फलक बोंबलला, कपाट बोंबललं, आणि ही पुढच्या एसटीनं घरी.

“आप्पांचंच आहे,” ती म्हणाली. “‘भ’चं पोट असं मोठं तेच काढायचे.”

“शाब्बास!” धैर्यशीलनं मांडीवर थाप मारली. “वैनी, आकडा बोला.”

“जो आकडा ते बोलतील त्याच्यावर माझा,” बोडस पुन्हा उठून म्हणाले. माणूस भित्रा, पण नाद लई वाईट. आता पुरावा मिळाल्यावर त्यांना राहवेना. “शालनताई, तुम्ही मला शब्द दिला होता—”

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. धैर्यशीलनं उठता उठता डोक्यानंच त्यांच्या नाकावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज ढोलात ऐकू येणार नाही असं वाटेल, पण मला आला. बोडस मागच्या रॅकवर आपटले आणि रॅक त्यांच्या अंगावर आला. विश्वकोशांचे जाड जाड खंड धडाधड त्यांच्या डोक्यावर, छातीवर पडले. नाकातून रक्ताची धार लागली. ते पुस्तकांखालून बाहेर यायला लागले, तसा धैर्यशीलनं बुटाची लाथ त्यांच्या बरगडीत घातली, मग आणखी एक.

“ए! माझ्या दुकानात हात उचलायचं काम नाही!” मी ओरडले.

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. उलट्या हाताची एक थोबाडीत ठेवून दिली. अंगठी ओठावर बसली आणि माझं तोंड रक्तानं भरलं. मीही काही कमी नाही. टेबलावरची पुस्तकं ठोकायची मोगरी उचलली आणि घातली त्याच्या खांद्यावर. त्यानं ती हिसकून घेतली, माझे केस धरले आणि कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. बाहेर ‘मोरया’ची आरोळी उठली. शटरवर कुणीतरी नाचता नाचता धडका मारत होतं. मी किती ओरडले ते मला माहीत, पण बाहेर काही पोचलं नाही.

आणि त्या सगळ्या गोंधळात फर्र असा आवाज आला. फाटणाऱ्या कागदाचा आवाज मला ढोलातच काय, झोपेतसुद्धा ऐकू येईल.

पद्माक्का उभी होती. पान तिनं पुस्तकातून मुळासकट काढलं होतं, आणि आम्ही बघेपर्यंत उभं आडवं फाडून त्याचे चार तुकडे केले.

धैर्यशीलनं तिच्या कानाखाली अशी जोरात मारली की ती भिंतीवर आदळून खाली बसली. तुकडे मात्र तिनं सोडले नाहीत. त्यानं एकेक बोट उलगडून ते काढून घेतले. एक बोट काडकन वाजलं. तोंडातून आवाज नाही काढला बाईनं.

मला वाटलं, आता हा चिडून निघून जाईल. पण तो हसला. ते हसू मला मारापेक्षा वाईट वाटलं.

“वैनी,” तो म्हणाला, “फाटलेली पानं तुम्ही जोडता न्हवं? अख्खी पेठ सांगती, शालनवैनीनं जोडलेला सांधा देवालाबी दिसत न्हाई. चला, जोडा.”

“नाही जोडत.”

त्यानं माझ्या टेबलावरची रापी घेतली, कातडं सोलायची, आणि पद्माक्काचे केस धरून तिला टेबलापाशी ओढत आणली. रापीचं पातं तिच्या कानामागं टेकवलं.

“जोडा म्हणतोय.”

मी जोडायला बसले. दुसरं काय करणार होते? कपाळातून रक्त डोळ्यात येत होतं, ते पदरानं पुसायचं आणि तुकडे जुळवायचे. कामाला लागले की हातांना आपोआप कळतं. खळ तयारच होती. मैद्याची खळ, आणि तिच्यात मोरचूद घातलेलं. मोरचूद घालायचंच असतं, नाहीतर कागद झुरळं खातात. निळसर रंग येतो तिला. बोटाएवढ्या रुंदीच्या पातळ कागदाला खळ लावली, चारी तुकडे जुळवून मागून चिकटवले. ‘निर्भय’ मधून फाटला होता, तो पुन्हा एक झाला. मी शिकंजा उघडून ठेवला. शिकंजा म्हणजे दोन जाड लाकडी फळ्या आणि वरून फिरवायचा लोखंडी स्क्रू. ओलं पान फळ्यांमध्ये घालायचं, दांडा फिरवून करकचून दाबायचं, की सकाळी सांधा गायब.

“बघा, कसं झालं झकास,” धैर्यशील म्हणाला आणि पान बघायला जरा वाकला. केसांवरची त्याची पकड ढिली झाली असणार.

पद्माक्कानं झडप घातली. ओलं पान उचललं, मुठीत चुरगळलं आणि तोंडात कोंबलं.

“अक्का!” मी किंचाळले. “थुंका! मोरचूद आहे त्यात, विष आहे!”

तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि चावायला लागली. नजर माझ्यावर. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बाई चावतेय.

धैर्यशीलचं डोकंच फिरलं. रापी टाकून त्यानं तिचा गळा धरला. ती गिळू नये म्हणून. “थुंक! थुंक म्हणतो!” तिचं डोकं त्यानं शिकंज्याच्या खांबावर आपटलं, एकदा, पुन्हा, पुन्हा. उजव्या हातात तिचा गळा, आणि जोर लावायला डावा हात फळीला घट्ट धरलेला, चारी बोटं आतल्या उघड्या फटीत. तिचा चेहरा निळा पडत चालला होता. पाय टेबलाखाली झाडत होती.

मी काही ठरवलं नाही. कोण म्हणेल शालननं डाव टाकला, तर खोटं आहे ते. फट दिसली, बोटं दिसली आणि मी दांड्याला सगळं अंग टाकून लोंबकळले. स्क्रू फिरला. वरची फळी खाली बसली.

माणूस असा ओरडतो हे मला त्या दिवशी कळलं. गळा सुटला. तो गुडघ्यावर आला, हात वर अडकलेला. मोकळ्या हातानं त्यानं माझ्या पोटात मारलं, मी दांडा सोडला नाही, आणखी एक फेरा दिला. फळीतून रक्त आलं, टेबलावर पसरलं, तिथं पडलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर गेलं. “सोड वैनी, सोड, पाया पडतो,” तो रडायला लागला. गुलालातून अश्रूंचे ओघळ.

“पडला का आता पाया? पड की!” मी म्हटलं आणि तिसऱ्या फेऱ्याला हात घातला. मी तो दिला असता. बोटं कशाला, सबंध हात चेपला असता.

माझ्या हातावर एक हात आला. पद्माक्का खांबाला धरून उभी राहिली होती. मागून केसांतून रक्त मानेवर उतरत होतं. तोंड अजून भरलेलं. तिनं मान हलवून मला नको म्हटलं, मला बाजूला सारलं, आणि मोडक्या बोटाच्या हातानं दांडा उलटा फिरवला. तिच्यानं एकटीला फिरेना. तरी ती फिरवत राहिली, फळी उचलेपर्यंत.

धैर्यशीलनं हात पोटाशी धरला, दुसऱ्या हातानं शटर हातभर उचललं आणि तो खालून रांगत बाहेर गेला. बाहेर सगळेच लाल. कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. पोलिसांत तो गेला नाही, मीही गेले नाही. पुढं निवडूनही आला मेला. पण अजून त्याच्या फलकावर हात जोडलेला फोटो नसतो. छातीवर हात ठेवलेला असतो, उजवा.

तो गेल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर तांब्यात मूठभर मीठ कालवलं.

“घ्या, प्या, ओकून टाका सगळं.”

पद्माक्का जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. तिनं मोठा आवंढा गिळला. मग आणखी एक. चेहरा वाकडा झाला, उमासा आला, तो तिनं तोंड दाबून परत आत लोटला.

“अक्का, ऐका माझं. बाहेर काढा.”

“नको,” ती म्हणाली. आवाज घोगरा. “आत गेलंय, जाऊ दे.”

“शालनताई,” पुस्तकांच्या ढिगाऱ्यातून आवाज आला. बोडस चष्मा शोधत बसले होते. नाक वांग्याएवढं सुजलेलं, शर्टाची पुढची बाजू लाल. ते सरपटत टेबलाशी आले आणि त्यांनी ते पुस्तक उचललं. बिनपानाचं. पुठ्ठ्यावरचं रक्त अजून ओलं होतं. ते जपून, कडेला धरून त्यांनी उजेडात नेलं.

“हे पुतण्याचं रक्त ना?” ते म्हणाले. “म्हणजे, पान गेलं हे वाईटच झालं. पण आज इथं जे घडलं ते तुम्ही जर लिहून दिलंत, तुमच्या सहीनं... आणि बाईंनीही दोन ओळी... तर मी मघाच्यापेक्षा जास्त—”

खळीचा डबा हाताशी होता. तो मी सगळाच्या सगळा त्यांच्या डोक्यावर उलटा केला. मग कॉलर धरली आणि शटरखालून ढकलून दिलं बाहेर, मिरवणुकीत. पुस्तक छातीशी धरूनच गेले ते. मी मागितलं नाही. नेऊ दे म्हटलं, आता त्याच्यावर कुणाचंच नाव नाही.

शटरखालच्या फटीतून पोरांचे नाचणारे पाय दिसत होते. मी पद्माक्काशेजारी बसले. पदर फाडून तिच्या डोक्याला बांधला. मग रिक्षा बघायची होती, दवाखान्यात न्यायचं होतं, ते सगळं पुढं केलं. दोन दिवस तिला सलाइन लागलं. जगली बाई, अजून आहे. पण त्या क्षणी मला रडूही येत होतं आणि रागही, आणि राग माझ्या तोंडातून आधी निघतो.

“काय मिळवलंत अक्का?” मी म्हटलं. “डोकं फुटलं, बोट मोडलं, विष खाल्लंत. माझंही कपाळ फोडून घेतलंत. एक शब्द होता फक्त. ‘आप्पांचं नाही’ म्हणायचं होतं. मी आपल्या हातानं रद्दीत टाकलं असतं, तुम्ही घरी गेला असता. कुणाचं काय बिघडलं असतं एक शब्द खोटा बोलला असता तर?”

ती माझ्याकडं वळली. दातांना शाई लागली होती.

“आप्पांनाही सगळ्यांनी हेच सांगितलेलं,” ती म्हणाली. “साक्षीच्या आदल्या दिवशी. सरपंच आले, मामा आले. म्हणाले, गुरुजी, एक शब्दाचं काम आहे, ‘बघितलं नाही’ म्हणा.”

“मग?”

“सगळ्यात जास्त मी सांगितलं. दाराला आडवी पडले. पाय धरले त्यांचे, म्हटलं, माझी शपथ आहे, बोला खोटं.” तिनं डोळे मिटले. “त्यांनी मला उचलून बाजूला ठेवलं आणि कोर्टात गेले. जाताना मी त्यांच्याशी बोलले नाही. ते परत आले, तरी बोलले नाही. आठवडाभर. मग ते शाळेत गेले.”

बाहेर एक गणपती संपून दुसरा आला असावा, ढोलाचा ठेका बदलला. मी तिच्या डोक्याची पट्टी पुन्हा घट्ट केली.

“पाणी द्या,” जरा वेळानं ती म्हणाली. “घशाशी अडकलंय.”

मी मिठाचा तांब्या परत पुढं केला.

“तो नको. साधं.” मग हळूच म्हणाली, “आज चौदस. आम्हा जैनांची निर्जळी असते. आप्पा गेल्यापासून कधी मोडली नव्हती.”

मी उठले, मिठाचा तांब्या मोरीत ओतला, विसळला आणि माठातलं गार पाणी भरून आणलं. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात सगळा प्यायली.